गोष्टीतली आई डबा उघडून बसते

अप्पा, प्रकाशनातल्या त्या मुलीचा आज पुन्हा फोन आला. तुमच्या साहसकथांचं पुस्तक ते नव्याने काढताहेत, मोठ्या अक्षरांत, रंगीत चित्रं घालून. परवानगीच्या कागदावर धाकट्याची सही पुण्याहून आली आहे, माझी राहिली आहे. शिवाय त्यांना माझ्याकडून दोन पानं हवी आहेत, पुस्तकाच्या सुरुवातीला घालायला. विषयही तिनेच सांगून टाकला. "ताई, ती धरणातली गोष्ट खरी घडलेली आहे ना? चिखलात रुतलेल्या भावाला ओढून काढणारी मुलगी तुम्हीच ना? मग त्या दिवसाबद्दलच लिहा." मी म्हटलं, बघते. तीन आठवडे मी बघतेच आहे. कागद जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली दाबून ठेवलाय आणि रोज जेवताना माझी तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून त्या मुलीला लिहायचं सोडून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. तुमच्याशी भांडायला याहून सोयीची वेळ मिळायची नाही, कारण मध्येच चष्मा काढून "बरं, चहा टाका" म्हणायला तुम्ही इथे नाही.

पुस्तक काल पहिल्यापासून वाचून काढलं. अकरा गोष्टी आहेत. दर उन्हाळ्यात तुम्ही कचेरीतून दहा दिवसांची रजा काढायचात, आपण चौघं एसटीने कुठेतरी जायचो, आणि परत आल्यावर त्या सहलीची गोष्ट व्हायची. मग ती मुलांच्या मासिकाच्या दिवाळी अंकात छापून यायची. दौलताबादच्या किल्ल्यात, अंधारीच्या भुयारात धाकट्याच्या डोक्यावरून वटवाघूळ गेलं, तर गोष्टीत तिथे चोरांचा तळ सापडला. कन्नडच्या घाटात एसटी तीन तास बंद पडली आणि आपण करवंदं खात बसलो, तर गोष्टीत चंदनचोर पकडले गेले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वर्षभर फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाने उन्हाळ्यात चार चोर पकडले तर कुणाचं काय बिघडतं? माझं दुखणं वेगळं आहे. अकराच्या अकरा गोष्टींत, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पानावर, एक वाक्य ठरलेलं आहे. आई झाडाखाली डबा उघडून बसली. पूर्णविराम. मग मुलं निघतात, भुयारं, दरोडेखोर, पूर, काय वाट्टेल ते होतं, आणि शेवटी सगळे परत येतात तेव्हा ती बया तिथेच, त्याच झाडाखाली, धपाटे आणि दही घेऊन बसलेली. दिवसभर! अप्पा, त्या बाईला मध्ये एकदा पाय मोकळे करायला तरी उठू द्यायचं होतं.

आता धरणातल्या गोष्टीकडे येते. मी पाचवीची परीक्षा दिली होती, धाकटा सात वर्षांचा होता. औरंगाबादच्या सिडकोत आपलं दोन खोल्यांचं नवं घर होतं आणि आजूबाजूला नुसते आखलेले प्लॉट आणि अर्ध्या भिंती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. नळ चौथ्या दिवशी यायचा, तोही करंगळीएवढा. अशा उन्हाळ्यात कुणाकडे पाहुणं म्हणून जायची सोय नव्हती. पाचोडच्या मामाचं कार्ड आलं की विहिरीने तळ दाखवला आहे, पोरांना यंदा पाठवू नये. आणि खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ, आपलं गाव वर आलंय म्हणतात. आईचं गाव गोदावरीच्या काठाला होतं. तिचं लग्न झालं आणि दोन-तीन वर्षांत ते जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. माहेरची माणसं उठून पाचोडला आली, म्हणजे आईला माहेर होतं पण माहेरचं घर नव्हतं. धरण आटलं तसं ते गाव उघडं पडलं होतं. आईने ते कार्ड तीनदा वाचलं, पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, यंदा मला तिथं न्या." तुम्ही विचारलंत, "चिखलात काय पाहायचंय?" ती म्हणाली, "आमचं घर." सगळ्या संसारात सहलीची जागा तिने त्या एकदाच सांगितली. अप्पा, ती एकच सहल तिची होती, हे नीट ऐका. बाकीच्या दहा तुम्ही घेतल्यात तर घेतल्यात.

पैठणपर्यंत एसटी, पुढे एका टेम्पोत टरबुजांच्या रिकाम्या पाट्यांवर बसून, आणि मग चालत. धरणाच्या तळातून चालायचं म्हणजे काय ते मला अजून आठवतं. भेगाळलेली जमीन, शिंपले, मेलेल्या माशांचा वास, कडेकडेला गाळात कुणी लावलेले टरबुजांचे वेल, आणि लांब कुठेतरी पाण्याची पातळ रेघ. टेम्पोवाल्याने बजावलं होतं, "पान्याच्या अंगाला जाऊ नगा, वरून सुकलंय, आत दलदल हाय." गाव म्हणजे नुसती जोती उरली होती, दगडांचे चौकोन. आईने चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि तिची चालच बदलली. आपल्या गल्लीतला रस्ता ओलांडताना तुमचा शर्ट धरणारी बाई पुढे आणि आपण तिघं मागे. "ही शाळा, दोनच खोल्या. हे कासाराचं. हितं पार होता." देवळाच्या पायरीपाशी ती थांबली आणि तिथून पावलं मोजायला लागली. म्हणाली, "आमचं दार बत्तीस पावलांवं हाय. पन ती पोरपनीची पावलं, आता कमी भरतील." एकविसाव्या पावलाला उंबरा सापडला. तिने तळहाताने त्यावरचा गाळ पुसला. दार फिरून फिरून दगडाला पडलेला खळगा होता, त्यात तिने बोट घातलं आणि फिरवलं. मग त्या उंबऱ्यावर ती चक्क बसली. आम्ही दारात टेकलो तरी ओरडणारी बाई! मी म्हटलं, "आई, उंबऱ्यावर बसतात का?" तर म्हणाली, "घर आसतंय तवा बसायचं नसतंय."

तेवढ्यात धाकटा पाण्याच्या रेघेकडे पळाला आणि मांडीपर्यंत रुतला. तुम्ही कोरड्या काठावर उभे होतात. "हलू नकोस!" ओरडलात आणि लगेच "पाय उचल, पाय उचल!" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आई उंबऱ्यावरून उठली, धावली, आणि पायाखालची जमीन हलायला लागली तिथे पालथी पडून पोटावर सरकत गेली. "आडवा हो. झोप, झोप माझ्याकडं तोंड करून. पाय वढू नको. गाळात उभं ऱ्हायलं की गाळ गिळतोय." पदर सोडून तिने त्याच्याकडे फेकला, त्याने मनगटाला गुंडाळला आणि ती तशीच मागे मागे सरकत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर आले तेव्हा दोघांचे फक्त डोळे पांढरे. तिने आधी त्याला एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं, मग आपल्या प्यायच्या पाण्याने त्याचं तोंड धुतलं. आणि तुम्ही, अप्पा, खिशातून वही काढलीत. "दोन ओळी टिपून घेतो, नंतर निसटतं," म्हणालात. त्या सगळ्या वेळात मी काय करत होते ते नंतर सांगते. आधी तुमचं.

आठवड्याभरात खर्डा तयार झाला. तुमची पद्धत ठरलेली. संध्याकाळी आई भाकरीला बसली की स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून तुम्ही खर्डा वाचायला घ्यायचात, समोर मी आणि धाकटा, तुमच्या हातात लाल पेन्सिल. जांभई आली तिथे काट, हा तुमचा नियम. आमच्यापैकी कुणाला जांभई आली की तेवढा मजकूर आडव्या रेघेने उडवायचा, हळहळायचं नाही. त्याचा तुम्हाला कोण अभिमान! सत्कारात सांगायचात, माझे संपादक घरातच आहेत, एक पाचवीत आणि एक दुसरीत. तर त्या संध्याकाळी तुम्ही वाचत होतात आणि त्या खर्ड्यात आई होती. आपल्या घराबाहेर हे कुणालाच माहीत नाही. पुढे चालणारी आई, बत्तिसाची एकवीस झालेली पावलं, खळग्यात फिरणारं बोट, सगळं होतं. आणि तुम्ही ते फार चांगलं लिहिलं होतंत, माझा खरा राग त्याचाच आहे. ज्याला दिसलंच नाही त्याच्यावर कोण रागावणार? तुम्हाला दिसलं होतं. शब्दही सापडले होते. आई उंबऱ्यावर बसली एवढं वाचून झालं आणि मी जांभई दिली. तुम्ही थांबलात. माझ्याकडे पाहिलंत. मग पेन्सिलीचा आवाज आला, एकदा, दोनदा, चार पानं. आईची पाठ आमच्याकडे होती. भाकरी थापायचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या संध्याकाळी नवा खर्डा. आता उंबऱ्यावरून उठून धावायला आईच नव्हती, मग चिखलात कोण उतरणार? तुम्ही बहिणीला उतरवलंत. तिच्या कमरेला दोर बांधलात, तिच्या तोंडी टाळ्या घेणारी दोन वाक्यं घातलीत. उंबऱ्याखाली चोरलेल्या मूर्तींची पेटी पुरलीत. आणि आईला उचलून नेऊन काठावरच्या बाभळीखाली बसवलंत, डबा उघडून. दिवाळी अंक आला तेव्हा आईने तो चुलीपाशी उभ्याउभ्याच वाचला. म्हणाली, "चांगली झालीय. पन बाभळीखाली कोन बसतंय? काटे आसत्यात." एवढंच. त्या गोष्टीला बक्षीस मिळालं. शाल, नारळ, हार. माईकवरून तुम्ही म्हणालात, हिने वेळच्या वेळी चहा दिला म्हणून मी लिहू शकलो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आई पहिल्या रांगेत मान खाली घालून पदराशी चाळा करत बसली होती. मी तिच्या शेजारी होते. त्यानंतर किती दुष्काळ आले, ते गाव किती वेळा वर आलं, मामाने निरोप धाडले, ती एकदाही गेली नाही. तुम्ही एकदा विचारलंत, "का गं, जायचं का तुझ्या गावाला?" ती म्हणाली, "नगं, तिथं चोर आसत्यात." तुम्ही हसलात! तुम्हाला तो विनोद वाटला.

मी लहान होते हे मला कुणी सांगायला नको. धाकट्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मुलांची गोष्ट आहे, सही करून टाक, काय फरक पडतो?" त्याला पडत नाही, त्याला गोष्टीतही कुणीतरी बाहेर काढलंच. पण पेन्सिल तुमच्या हातात होती, अप्पा. लेकराला जांभई आली म्हणून बायकोला खोडायचं? मला भाजी नको असायची तर ती तुम्ही दामटून खायला लावायचात. पाढे नको असायचे तर छडी होती. आणि आईवर रेघ मारायच्या वेळी तेवढं बरं माझं मत प्रमाण! करून सवरून नामानिराळं राहायची ही जुनी युक्ती आहे आणि ती तुम्हाला चांगली जमत होती.

आता इथलं सांगते. तुमच्या वेळचं औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे आणि बिडकीनच्या दिशेने सुसाट सुटलं आहे. एसटीच्या खिडकीतून ज्वारी दिसायची तिथे कारखान्यांचे पत्रे आणि इमारती आहेत, आणि त्यातल्याच एकीच्या तिसऱ्या मजल्यावर मी आणि आई राहतो. नळाला पाणी आठवड्याने येतं, बाकी टँकर. पाणी त्याच धरणाचं. आई नळाचा आवाज ऐकून म्हणते, "आमचं घर बुडवून बी तुमाला पुरंना." तिला आता वाचता येत नाही. एका डोळ्याने उजेड कळतो, दुसऱ्याने तेवढाही नाही. प्रकाशनाचे फोन तिने ऐकले होते. परवा दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "ती धरनाची गोष्ट वाच बरं मला."

मी छापलेलं पुस्तक घेतलं, बाभळीपर्यंत वाचलं आणि मला पुढे जाववेना. उठून तुमच्या पेटीतून खर्ड्याची वही काढली. लाल रेघेखालचं सगळं वाचता येतं, अप्पा, तुम्ही हलक्या हाताने खोडलं होतंत. मी ते वाचायला लागले. शाळेच्या दोन खोल्या आल्या, पार आला, पावलं आली. आई हात मांडीवर ठेवून ताठ बसून ऐकत होती. उंबरा आला तसं तिचं उजवं बोट मांडीवर गोल फिरायला लागलं. आणि मग ती म्हणाली, "हे त्या अंकात नव्हतं." मी म्हटलं, "खर्ड्यात होतं." "म्हाईत हाय मला. भाकरी करत हुते, बहिरी नव्हते." मग विचारलं, "तवा जांभई कुनाला आलती गं?"

इतक्या वर्षांनी. मला वाटत होतं की ती विसरली. मी वही मिटली आणि म्हटलं, "कुणालाच नाही. अप्पांनी आपल्या मनाने काढलं." आई म्हणाली, "वाटलंच मला." आणि मग, अगदी सुटल्यासारखा श्वास सोडून, "बरं झालं बाई. मला आपलं वाटायचं, माझ्या लेकरांनाच कटाळा आला का काय माझा."

आता ते राहिलेलं सांगते. धाकटा रुतला तेव्हा मी उलट दिशेने पळाले. रडत, चपला टाकून, आईला हाकसुद्धा न मारता. तुम्ही ते पाहिलं होतंत आणि खर्ड्यात जसंच्या तसं लिहिलं होतंत. तुम्ही दुपारी आंघोळीला गेलात तेव्हा मी चोरून वाचलं होतं. संध्याकाळी वाचताना उंबरा आला आणि मला कळलं, पुढच्या पानावर मी पळणार. मला झोप आली नव्हती, कंटाळा आला नव्हता, उलट आईचं ऐकताना मला रडू येत होतं. मी ती जांभई मुद्दाम दिली, तोंडावर हात न ठेवता, तुम्हाला दिसावी म्हणून. आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते उगाच नाही. बाप होतात, खोटी जांभई तुम्हाला कळत होती. लेकीची लाज झाकायची की बायकोचं घर ठेवायचं, एवढाच प्रश्न होता आणि तुम्ही माझ्या कमरेला दोर बांधून मोकळे झालात. शाळेत बाईंनी ती गोष्ट वर्गात वाचली, मुलींनी मला विचारलं की भीती नाही का वाटली, आणि मी म्हटलं, नाही. अजूनही कुणी विचारलं तर नाहीच म्हणते. याचाही राग आहे मला तुमच्यावर, इतरांपेक्षा जास्त. मला पळू द्यायचं होतंत.

चार पानं मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली आहेत. उद्या त्या मुलीला पाठवणार आहे. ही पानं गोष्टीत परत गेली तरच सही, नाहीतर कागद परत. आणि सुरुवातीची दोन पानंही लिहिणार आहे, त्यात लिहीन की भावाला आईने काढलं आणि मी पळाले होते. पुस्तक आलं की आईला वाचून दाखवेन, ती हसेल बहुतेक, म्हणेल पळालीस ते बरंच केलंस, दोघांना कुठं वढलं असतं मी.

जांभईचं मात्र त्यात लिहिणार नाही. हे पत्र तुमच्या खर्ड्याच्या वहीतच ठेवते आहे, आणि आईला आता वाचता येत नाही. काल तिने पुन्हा विचारलं, "त्यांनीच काढलं म्हनतीस ना?" मी पुन्हा हो म्हणाले.